साक्षीदार तेव्हा देशात नव्हते

इक्बालने उजवा हात माझ्या टेबलावर, स्टॅम्पपॅडच्या बाजूला ठेवला. करंगळीचं टोक नव्हतं.

"ह्या बघा माजा सर्टिफिकेट," तो म्हणाला. "ह्या बोट पंख्यात गेला, त्याच सांजंला उमरभाईची पोरगी जल्मली. लिहा."

मी लिहिलं. शेजारच्या खुर्चीवर दाऊद आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. इक्बाल एसी मेकॅनिक, दाऊद एका लेबर कॅम्पच्या मेसमध्ये कुक. दोघंही रत्नागिरीकडचे, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. एका मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत, हे कोर्टाला पटवून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. खरं तर तिला अठरा वर्षं तीन महिने झाले होते. पासपोर्टावर मात्र ती सोळा वर्षं आठ महिन्यांची होती.

मी जेद्दाला, अल अझीझियात, एका ट्रान्सलेशन ऑफिसात काम करतो. मूळचा रायगडचा. इथं येऊन पंधरा वर्षांच्या वर झाली. जन्माचे दाखले, निकाहनामे, मृत्यूचे दाखले अरबीत करायचे, कोर्टाचे अर्ज टाइप करायचे, गरज पडली तर कोर्टात उभं राहून बोलायचं. लोक मला वकील समजतात. मी वकील नाही. मी लोकांचं म्हणणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवतो, बस. निदान तोपर्यंत तरी मला असंच वाटायचं.

मुलीचं नाव सना. तिचे वडील उमर, जेद्दाला स्पेअर पार्टच्या दुकानात सेल्समन. दुकानातच छातीत कळ आली आणि गेले. मागे बायको रुकय्या, एकुलती एक सना, आणि रियाधला असलेला धाकटा भाऊ सत्तार. माणूस गेला की कोर्टातून वारसांचा दाखला काढावा लागतो: कोण कोण वारस, कुणाचं वय काय. उमरची मोठी मालमत्ता एकच, गावचं घर. चार खोल्यांचं, स्लॅबचं, पुढे नारळ. सगळी नोकरी त्या घरात घातली होती त्याने. शरियतच्या हिशोबाने रुपयातले आठ आणे मुलीचे, दोन आणे बायकोचे, सहा आणे भावाचे.

मुलगी सज्ञान असली तर तिचे आठ आणे तिच्या हातात. मायलेकी दहा आण्यांच्या मालकीण, घर विकायचं नाही म्हटलं की नाही. पण मुलगी अज्ञान असली तर कोर्ट तिच्यासाठी वली नेमतं, म्हणजे तिच्या वतीने सही करणारा पालक. आणि वली होणार चुलता, कारण बापाकडचं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. सत्तारने आधीच एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. कोणा मुंबईवाल्याला तिथं हॉलिडे होम काढायचं होतं. इथल्या कोर्टाचं वलीपत्र, त्यावर वकिलातीचा शिक्का, एवढं झालं की गावाकडे सही खपून जाते. कायद्याने खपावी का, हा वेगळा विषय. खपते, हे मी पाहिलंय.

उमर गेल्यावर रुकय्याभाभी आणि सनाला काही महिन्यांत फायनल एक्झिट घेऊन कायमचं गावी जायचं होतं. जायला ते एकच घर होतं.

आता सोळा आणि अठराचा घोळ कसा झाला, ते सांगतो. रुकय्याभाभी पहिल्यांदा आल्या त्या उमऱ्याच्या, म्हणजे मक्केच्या यात्रेच्या, व्हिसावर. उमरा केला आणि मुदत संपल्यावर परत गेल्या नाहीत. तेव्हा आपल्याकडचे कितीतरी लोक असेच राहायचे. अझीझियात उमर राहायचा त्या जुन्या बिल्डिंगमध्ये तर उमर आणि सत्तार सोडले तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, फारसा कुणाकडे नव्हताच. बिनकागदाची बाई हॉस्पिटलला नेली तर पकडली जाणार. म्हणून बाळंतपण खोलीतच झालं. खेडकडची एक म्हातारी सुईण होती, तिने केलं. ती आता हयात नाही. त्यानंतर काही महिन्यांनी सरकारने मोहलत दिली: बिनकागदाचे लोक शिक्षा न होता देश सोडू शकतात. सगळी बिल्डिंग रिकामी झाली. रुकय्याभाभी पाच महिन्यांची सना घेऊन वकिलातीच्या कागदावर गावी गेल्या; त्यावर बाळाची जन्मतारीख नव्हती, आणि तो कागदही विमानतळावर जमा झाला.

सव्वा वर्षाने उमर रजेवर गेला आणि ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करायला उभा राहिला. जेद्दाचा जन्म सांगावा, तर बायको बिनपरवाना राहिली होती हे उघड होणार. गावचा जन्म सांगावा, तर वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते. मग त्याने आपल्या लोकांचा नेहमीचा रस्ता धरला. मागच्या महिन्यातली तारीख सांगितली, घरी जन्मली म्हणाला. पोरगी अंगणात कोंबडीमागे धावत होती आणि कागदावर तीन आठवड्यांची होती. एकोणीस महिने असे एका सहीत पुसले गेले. नंतर त्याने दोघींना फॅमिली व्हिसावर रीतसर आणलं. सनाचे दोन वाढदिवस व्हायचे, शाळेत एक, घरात दार लावून दुसरा.

हे सगळं रुकय्याभाभींनी माझ्यासमोर बसून सांगितलं. मी फाइल उघडली. वरच तो ग्रामपंचायतीचा दाखला, त्याला जोडलेलं अरबी भाषांतर, आणि भाषांतराखाली शिक्का माझा. त्यांना इकडे आणताना उमर हा कागद माझ्याकडेच घेऊन आला होता. चहा पिता पिता हसत म्हणाला होता, "मुकादमभाई, पोर जेद्दाची हाय, कागद गावचा हाय." मीही हसलो होतो. मग 'मूळ प्रतीबरहुकूम' असं लिहून शिक्का मारला होता. मूळ प्रतीबरहुकूम होतंच ते.

आमच्या ऑफिसचा मालक अबू फहद, सौदी माणूस, बोलायला फटकळ. त्याला मी केस सांगितली.

"हॉस्पिटलचा कागद?"

"नाही."

"मग शेजारी आण. आमच्या आजोबांच्या काळी कुणाकडे होते दाखले? कोण कुठल्या साली जन्मला, ते शेजारीच सांगायचे. दोन साक्षीदार, आणि त्या दोघांचं चारित्र्य चांगलं आहे हे सांगणारे आणखी दोन. यल्ला, लाग कामाला."

म्हणून मी त्या बिल्डिंगमधले जुने लोक शोधायला लागलो. मोहलतीत गेलेले बरेचसे पुढे नव्या व्हिसावर परत आले होते. आणि सगळ्यांना सना जन्मल्याचं आठवत होतं. पण कुणालाही सनामुळे आठवत नव्हतं. माणसाला दुसऱ्याचं बाळ लक्षात राहत नाही, आपलं बोट राहतं. इक्बाल बोट तुटूनही हॉस्पिटलला गेला नव्हता, एका ओळखीच्या कंपाउंडरकडून टाके घालून आला होता. जिना चढताना त्याला बाळाचा आवाज ऐकू आला.

दाऊदची गोष्ट तर त्याहून भारी. "सुईण बोलली, पानी तापव. मी चुलीवरना डेग उतरला, पानी ठेवला. परत भात चढवला तो इसारलोच. वीस मानसांचा भात करपला. दोन दिस सगल्यांनी खुबूस रोटी खाल्लान नि मना शिव्या दिल्यान. शबेमेराजची सांज व्हती. अजून शिव्या देतत."

रजब महिन्याची सव्वीस, शबेमेराजची संध्याकाळ. दोघांची तारीख एक निघाली, सालही एकच निघालं, कारण त्याच्या पुढच्या सालात ती बिल्डिंगच रिकामी होती. मला खूप आनंद झाला. इतकी चोख साक्ष मी कधी लिहिली नव्हती. स्टेटमेंट टाइप केली, प्रिंट काढली आणि शेवटी फॉर्म भरायला दोघांचे इकामे मागितले.

अबू फहदने इकाम्यांचे नंबर बघितले. मग पासपोर्ट मागितले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुकादम, मुलगी जन्मली तेव्हा हे दोघं कुठं होते?"

"बिल्डिंगमध्ये."

"कागदावर हे दोघं या देशात पहिल्यांदा आले, तेव्हा मुलगी चालत होती. कोर्ट नंबर टाकणार आणि विचारणार, तुम्ही इथं नव्हता, मग बाळ रडलेलं ऐकलंत कुठून?"

मी इक्बालकडे बघितलं. तो खाली बघत होता. मोहलतीत गेलेला इक्बाल वेगळ्या आडनावाचा होता. परत आला तो, जुन्या नावाला व्हिसा अडू नये म्हणून, नव्या पासपोर्टावर, आजोबांच्या आडनावाने. दाऊदचंही तेच. मला हे सुचायला हवं होतं. ज्या कारणाने सनाचा जन्म घरात झाला, त्याच कारणाने तो बघणारा एकही माणूस कागदावर तिथं नव्हता. एवढी साधी गोष्ट मला चार दिवस कळली नाही.

दाऊद उठला. "मना माफ करा, भाई," म्हणाला आणि गेला. इक्बाल मात्र बसून राहिला.

"मी बोलतो कोर्टात. काय करतील? पाठवतील घरी. बोट तर गेलाच हाय."

"आणि घरी गेल्यावर?"

त्याच्या दोन मुली नर्सिंगला होत्या. मी त्याचं स्टेटमेंट त्याच्यासमोर फाडलं. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दुपारी मी जेवलो नाही एवढं आठवतं.

संध्याकाळी रुकय्याभाभी आणि सना आल्या. मी झालं ते सांगितलं. सना बारीक, उंच पोरगी, वर्गातल्या मुलींहून नेहमीच डोकंभर उंच.

"बट अंकल, सगळ्यांना पता है ना," ती म्हणाली. "मी इथंच बॉर्न झाले. दॅट इज द ट्रुथ."

"सगळ्यांना माहिती आहे बेटा. चालणारा माणूस पाहिजे."

"चालणारा?"

"जो तेव्हा इथं होता, आणि कागदावरही होता."

रुकय्याभाभींनी सनाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एक हाय. हिच्या कानात अजान कुनी दिली? सत्तारनं. उमरना धीर झाला नव्हता, ते भाईर रडत उभे. सत्तारनं हातावर घेतलान नि अजान दिलान."

आपल्यात मूल जन्मलं की पहिला आवाज अजानचा त्याच्या कानात पडावा लागतो. तो आवाज सत्तारचा होता. त्याच्याकडे तेव्हाही इकामा होता, आणि कधीही आडनाव बदललेलं नव्हतं. अख्ख्या सौदी अरेबियात सनाच्या जन्माचा कायदेशीर साक्षीदार एकच, आणि घर विकायला निघालेलाही तोच. वारस असला तरी स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलणाऱ्या एकाचीही साक्ष कोर्ट धरतं. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं, तर दाद कुणाकडे मागायची?

तरी मी रियाधला गेलो. सत्तार ओलायातल्या एका टॉवरमध्ये ऑफिस सुपरवायझर आहे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. मला खाली कॉफी शॉपमध्ये घेऊन गेला, माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली. माणूस अदबशीर.

"सत्तारभाई, अजान तुम्ही दिलीत?"

"दिली." तो चक्क हसला. "ओली होती. डोळे उघडे ठेवून बघत होती माझ्याकडं. मी घाबरलो होतो, पडंल म्हणून."

"मग एवढंच कोर्टात सांगा."

त्याने कपाची बशी फिरवली. "मुकादमभाई, ती जमीन आमच्या बापाची. भाईनं सांगितलं, तू सही दे, घर माझ्या नावावर बांधतो, वरचा मजला तुझा. मी सही दिली. वरचा मजला बघितलात तुम्ही?"

"नाही."

"नाहीच तो. वीस वर्षं मी वाट बघितली. एक शब्द बोललो नाही."

मी म्हटलं, "तो हिशोब उमरचा होता. पोरीचा नाही."

"आणि दुसरं सांगा. मी शेखसमोर उभं राहून सांगू, माझा मेलेला भाई खोटी नोंद करून गेला? कबरीतल्या माणसाला खोटा पाडू?"

"पोरीचं घर वाचेल."

त्याने गळ्यातलं कार्ड सरळ केलं. मग म्हणाला, "येतो मी कोर्टात. अल्लाहसमोर काय बोलायचं ते बोलतो."

मला हवं ते मी ऐकलं. या धंद्यात शब्द तोलायची सवय लागते, पण त्या दिवशी मी ते वाक्य न तोलताच जेद्दाला घेऊन आलो. मायलेकींना सांगितलं, सत्तार येतोय. रुकय्याभाभींनी आभाराची शुक्राना नमाज पढली. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कोर्टात शेख, म्हणजे न्यायाधीश, तरुण होता. त्याने फाइल चाळली आणि एका कागदावर थांबला.

"हा शिक्का तुमचा?"

"होय, शेख."

"यात लिहिलंय, मुलगी हिंदुस्थानात जन्मली."

"जे लिहिलेलं होतं, त्याचं मी भाषांतर केलं."

"आज अर्जात लिहिलंय, ती जेद्दाला जन्मली. अर्जही तुम्हीच लिहिलाय."

"होय."

शेख रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग आज साक्षीदार बोलेल, त्याचंही भाषांतर करा. तेवढंच करा."

कोर्टाचा दुभाषी त्या दिवशी रजेवर होता. सत्तार पुढे आला. त्याला अरबी माझ्याइतकंच येतं, पण तो म्हणाला, मी माझ्या भाषेत बोलेन. का, ते मला आजवर समजलेलं नाही. त्याने शपथ घेतली.

"ही माझी पुतणी. हिच्या कानात अजान मी दिली," तो म्हणाला.

मी अरबीत सांगितलं. माझा आवाज मोकळा झाला होता.

"गावाला दिली. मी रजेवर होतो. पासपोर्टावर आहे तीच तारीख बरोबर आहे."

मी थांबलो. शेख माझ्याकडे बघत होता. मी ते अरबीत सांगितलं. शब्दाला शब्द. एकही शब्द मागेपुढे केला नाही. पासपोर्टावरच्या त्या महिन्यात सत्तार खरंच गावी रजेवर होता. उमरबरोबर ग्रामपंचायतीत तोच गेला होता. शेखने त्याचा इकामा नंबर टाकला आणि स्क्रीनवर सगळं जुळलं.

मागून रुकय्याभाभी उठल्या. "सत्तार, अझीझियातल्या खोलीत घेतलास तिला! हात कापत व्हते तुजे!"

"काय म्हणाल्या?" शेखने विचारलं. मी तेही सांगितलं.

"त्या स्वतः वारस आहेत. त्यांची साक्ष चालणार नाही. चुलताही वारसच, पण त्याच्या मागे पासपोर्ट आहे," शेख म्हणाला आणि लिहू लागला.

सना रडली नाही. ती चुलत्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला अरबी येतं. ती गावात जन्मली हे अरबीत तिने ऐकलं ते माझ्या तोंडून. मी मान खाली घातली. त्या खोलीत मी एकटाच असा होतो, ज्याला दाखल्यातलं आणि सत्तारचं, दोन्ही वाक्यं खोटी आहेत हे माहीत होतं आणि ज्याने ती दोन्ही अरबीत नेऊन ठेवली होती.

सत्तार वली झाला. शेखचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर जेवढं होतं, त्यावर त्याने निकाल दिला. मायलेकी एक्झिट घेऊन महाडला रुकय्याभाभींच्या भावाकडे गेल्या. जाताना मी एअरपोर्टवर सामान उचलायला गेलो. सनाने माझ्या हातात बॅग दिली नाही.

केस माझ्याकडे आल्यापासून सोळा महिन्यांनी तिचा फोन आला. ती जवळजवळ वीस वर्षांची होती.

"अंकल, आज मी अठरा झाले," ती म्हणाली. "आता माझ्या साइनला चालतं ना? ते कोर्टाचं पेपर मराठीत पाहिजे. मामू बोलले, तहसीलला दाखवू."

तिने वलीपत्राचा फोटो पाठवला. शेवटचं कलम मला पाठ आहे, सगळ्या वलीपत्रांत तेच असतं: मुलगी अठरा वर्षांची होताच वलीचा अधिकार संपेल, आणि तिची मालमत्ता जशीच्या तशी तिच्या स्वाधीन केली जाईल. मी भाषांतर केलं, शिक्का मारला, पाठवलं. मग विचारलं, गावाला जाऊन आलीस का.

"गेले होते. गेटवर वॉचमन होता. बोलला, मॅडम, बुकिंग आहे का?"

"मग?"

"नाही बोलले. मग त्यानं गेट लावलं."

आता माझ्याकडे कुणी जन्माचा कागद घेऊन आला की मी आधी विचारतो, तारीख खरी आहे ना. लोक हसतात. म्हणतात, मुकादमभाई, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही फक्त भाषांतर करा. मी करतो. पण एवढं सांगून ठेवतो, की पोराच्या जन्माची तारीख आपल्या सोयीने लिहू नका. सोय बापाची होते, तीही चार दिवसांची. ती तारीख जगावी लागते पोराला.